चिकटवू नका, फट ठेवा

सोन्याचे नॅनोकण जवळ असले की क्वांटम डॉट (प्रकाश देणारे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण) जास्त उजळतात, असा तुमचा दावा आहे आणि सोबत प्रकाशाच्या तीव्रतेचा आलेख दिलाय. अर्धंच बरोबर. सगळा खेळ अंतराचा आहे. कॅडमियम सेलेनाइडचा डॉट सोन्याला अगदी चिकटला, तर त्याची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याआधीच धातू गिळतो, तिची उष्णता होते आणि डॉट विझतो. मध्ये पॉलिमरचे थर चढवत फट वाढवली की तोच डॉट उजळतो. २००२ मध्ये कुलाकोविच आणि सहकारी या संशोधकांना ११ नॅनोमीटरच्या फटीला सुमारे पाचपट वाढ मिळाली होती.

धातू कोणता, हेही बघा. लहान गोल कणांचा अनुनाद (ज्या तरंगलांबीच्या प्रकाशाला धातूतले इलेक्ट्रॉन सर्वात जोरात डोलतात ती) चांदीत साधारण ४०० नॅनोमीटरला, सोन्यात ५२० च्या आसपास. निळा प्रकाश चांदीच्या आकड्याजवळ पडतो, त्यासाठी सोनं घेणं म्हणजे पैसे वाया. (आणि शोषलेल्या प्रकाशापैकी मुळातच ९० टक्के परत देणाऱ्या डॉटची कार्यक्षमता आणखी वाढून वाढणार किती? खरा फायदा मरतुकड्या नमुन्यांना.)

तुमच्या आलेखात फक्त तीव्रता दिसते. उत्तेजित अवस्थेचं आयुर्मानही (ऊर्जा घेतल्यावर ती सोडेपर्यंत डॉट किती वेळ थांबतो ते) मोजा. पण डॉट उजळो वा विझो, ते बहुधा घटतंच, म्हणजे एकट्या आयुर्मानावरूनही काही ठरत नाही. त्यामुळे तीव्रता आणि आयुर्मान, दोन्ही आकडे एकाच नमुन्यावर, धातूसह आणि धातूविना, घेतलेले हवेत.