'सिली'ची घसरण

इंग्रजीतल्या 'नाईस' या शब्दाबद्दल जे सांगतात ते बरोबरच आहे, लॅटिनमधल्या 'नेस्कियस' म्हणजे अजाण या शब्दापासून तो आला आणि चांगला झाला. पण त्यावरून 'शब्द काळाबरोबर सुधारतात' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. 'सिली' बघा. जुन्या इंग्रजीत तो 'सेलिग' होता, अर्थ सुखी, धन्य, देवाची कृपा असलेला. मग निष्पाप, मग बिचारा, दुबळा, आणि 16व्या शतकात थेट मूर्ख! मधल्या काळात 'सिली' मेंढरू म्हणजे गरीब बिचारं मेंढरू, मठ्ठ नव्हे. जर्मनमध्ये मात्र त्याचा भाऊ 'झेलिग' अजून धन्यच आहे. तिथे 'माझी झेलिग आजी' म्हटलं की आपली कैलासवासी आजी.

जर्मन शिकताना हा शब्द भेटला तेव्हा मी वहीच्या समासात 'भोळा' लिहिलं होतं. कारण आपल्याकडेही तीच उतरण आहे. भोळा शंकर म्हणताना हात जोडले जातात, पण माणसाला 'भोळा आहे हो' म्हटलं की सूर बदलतो, आणि एक पायरी खाली 'भोळसट' उभाच असतो.