‘एक्सेप्ट’ की ‘एक्सेप्ट फॉर’: या फरकावर गुण कापावेत का?

इंग्रजीच्या शिक्षिका, धरमपेठ:
अपवाद दाखवणारे सगळे इंग्रजी शब्द एकाच अर्थाचे म्हणून शिकवले जातात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो, असे माझे ठाम मत आहे. ‘ऑल द शॉप्स एक्सेप्ट वन वेअर क्लोज्ड’ या वाक्यात सगळ्या दुकानांतून एक दुकान वजा होते, म्हणून नुसते ‘एक्सेप्ट’ पुरते. पण ‘द रोड वॉज एम्प्टी एक्सेप्ट फॉर अ काउ’ असे म्हणताना गाय कोणत्याही समूहातून वजा होत नाही, तर रस्ता रिकामा असल्याच्या पूर्ण विधानालाच मुरड पडते; तेथे ‘फॉर’ हवेच. ‘बिसाइड्स’चा अर्थ तर उलट आहे: ‘बिसाइड्स अंबाझरी, वी सॉ फुटाळा’ म्हणजे दोन्ही तलाव पाहिले. गुण कापल्याशिवाय हे मुलांच्या मनावर ठसणार नाही.

वकील, सिव्हिल लाइन्स:
मॅडम, गाईचे उदाहरण मान्य आहे, परंतु दुकानांच्या वाक्यात ‘एक्सेप्ट फॉर वन’ लिहिले तरी ते शुद्धच ठरते, मग त्या मुलाचा गुण का जावा? राज्यघटनाच पाहा. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर आकारता येत नाही, हे अनुच्छेद २६५ ‘एक्सेप्ट बाय अथॉरिटी ऑफ लॉ’ अशा शब्दांत सांगतो, तर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेला ३००अ मालमत्तेच्या बाबतीत ‘सेव्ह बाय अथॉरिटी ऑफ लॉ’ म्हणतो. शब्द बदलला तरी अर्थ तोच राहिला.

शिक्षिका:
वकीलसाहेब, या दोन्ही ठिकाणी पुढे ‘बाय’ आहे, याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. ‘एक्सेप्ट फॉर बाय’ असे कोणीही लिहिणार नाही. अनुच्छेद २१ मध्येही ‘एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर’ असेच आहे, कारण अशा शब्दांपूर्वी ‘फॉर’ बसत नाही. म्हणजे नियम आहे आणि तो शिकवता येतो.

स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, सीताबर्डी:
नियम आहे, पण मॅडम, तो ‘बिसाइड्स’ला सरसकट लागू होत नाही. ‘नोबडी बिसाइड्स हर न्यू’ म्हणजे तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. नकारानंतर तोच शब्द अपवाद दाखवतो. ‘अपार्ट फ्रॉम’ तर दोन्ही अर्थांनी चालतो: ‘अपार्ट फ्रॉम इंग्लिश, शी टीचेस मराठी’ यात भर आहे आणि ‘अपार्ट फ्रॉम वन मिस्टेक, द पेपर वॉज परफेक्ट’ यात अपवाद. म्हणून जेथे अर्थच फिरतो तेथे गुण कापावेत, जेथे दोन्ही रूपे शुद्ध आहेत तेथे दोन्हींना पूर्ण गुण द्यावेत, आणि आदर्श उत्तरपत्रिकेत तसे स्पष्ट छापावे.