मस्कतचे दोन दिवस: मत्राहमध्ये पायी फिरावं की समुद्रात जावं?

दर्यावर्दी:
मस्कतला दोनच दिवस असतील तर पहिली अख्खी सकाळ मत्राहला, म्हणजे मस्कतच्या जुन्या बंदराच्या भागाला द्या, आणि तीही पायी, असं माझं ठाम मत आहे. टूरवाले तीन-चार तासांत ग्रँड मशीद, अल आलम राजवाडा आणि सूक, म्हणजे जुना बाजार, उरकतात. सूकमध्ये जेमतेम पाऊण तास मिळतो. लोक खजूर घेतात की लगेच बसमध्ये!

आम्ही जानेवारीत सकाळी सातला मासळीबाजारात पोचलो. सुरमईला तिथे कनद म्हणतात. मासा एकाकडे घ्यायचा आणि कापून दुसऱ्याकडे घ्यायचा. आईचा सगळा जन्म मालवणात गेला, तरी ती त्या कापणाऱ्याच्या सुरीवरून नजर हलवेना. मी दोनदा हाक मारली, तेव्हा निघाली. तिथून कॉर्निशवरून, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरून, रमतगमत सूकमध्ये. लोबानाच्या दुकानदाराने एकेक खडा उजेडात धरून दाखवला. हिरवट झाक असलेला, दक्षिण ओमानमधल्या दोफारकडचा होजारी सगळ्यात महाग. हे बसमधून दिसत नाही.

तेरेखोल:
अजिबात पटलं नाही. मासळीबाजार आपल्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत, त्यासाठी एवढं विमानभाडं कशाला? मस्कतचं वैभव पाण्यात आहे. दायमानियात नावाची नऊ बेटं आहेत, १९९६ पासून राखीव. बोटीने साधारण तासाभराचा प्रवास. तोंडाला मास्क लावून मान पाण्यात घातली आणि खाली एक कासव निवांत प्रवाळ कुरतडत होतं. कवचाच्या कडांवरची नक्षीसुद्धा स्पष्ट दिसत होती. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात हे कुठे दिसणार? दोन दिवसांतला एक समुद्राला द्यायलाच हवा.

रुवीकर:
अकरा वर्षं इथे राहतोय. दोघांचंही खरं, पण दोघंही घड्याळ विसरलात. ग्रँड मशीद बिगर-मुस्लिमांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ एवढीच खुली असते. बायकांनी केस झाकायचे, हातपाय झाकतील असे कपडे घालायचे. तो हाताने विणलेला २१ टनांचा गालिचा चुकवू नका. सूक दुपारी एकच्या सुमारास बंद होतं ते चार-पाचला उघडतं, शुक्रवारी सकाळीही बंदच. म्हणजे ‘अख्खी सकाळ मत्राहला’ दिली की त्या दिवशी मशीद गेली.

आणि मे ते सप्टेंबर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कृपा करून पायी फिरवू नका. गेल्या जूनमध्ये एका पाहुण्या काकांना कॉर्निशवर चक्कर आली, मी स्वतः त्यांना सावलीत नेऊन बसवलं.

दर्यावर्दी:
उन्हाचा मुद्दा मान्य, मी ते लिहायलाच हवं होतं. मशीद दुसऱ्या दिवशी सकाळी करता येते. पण तेरेखोल, बोटीवर उलटी होणाऱ्या आईला मी एक अख्खा दिवस हॉटेलात ठेवणार नाही. तिच्यासाठी जुनं मस्कत आहे. राजवाड्याच्या दोन बाजूंना मिरानी आणि जलाली किल्ले, पोर्तुगीजांच्या काळातले. १६५० पर्यंत ते इथे होते आणि त्यांचा कारभार गोव्यातून चाले. ते दगड बघून आई म्हणाली, ‘हे तर आपल्याकडचंच वाटतंय गो.’

तेरेखोल:
आईला किल्ला दाखवा, बोटीवर तुम्ही जा. सकाळी निघालं की दुपारी परत. संध्याकाळी सूक उघडलेलंच असतं.