अनुभव धागा: ७२ तासांत औषध न घेतलेले आपण सगळे

धागाकर्ता:
काल राजारामपुरीत बहिणीकडे गेलो असताना भाच्याने विचारले, "मामा, सँग्विनेअर व्हॅम्पायरिस म्हणजे काय?" आणि मला २०११ मधला स्कायरिम हा व्हिडिओ गेम आठवला. गुहेतल्या पिशाच्चाच्या तावडीतून जिवंत सुटल्याच्या आनंदात हा माणसाचे पिशाच्च करणारा रोग जडल्याची ओळ मी पडशासारखी सोडून दिली होती. हेल्थ २५ ने कमी झाली होती, एवढेच. ७२ तासांच्या आत वेदीपाशी प्रार्थना केली तरी हा रोग बरा होतो, हे मला चौथ्या दिवशी, उन्हात हेल्थ भरून येईनाशी झाल्यावर समजले. आपापले अनुभव लिहावेत.

रक्तगट_ओ:
ऑब्लिव्हियन या त्याच मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये याच रोगाला पोर्फिरिक हिमोफिलिया म्हणतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत असल्याने मला तेव्हाही हसू आले होते, कारण खरा हिमोफिलिया आनुवंशिक असतो, चावल्याने लागत नाही. तीन दिवस उलटल्यावर मी निर्धास्त झोपलो आणि उठलो तो पिशाच्च होऊनच.

जोतिबाची_पायरी:
रक्तगट_ओ, त्यावरच्या उताऱ्यासाठी चेटकिणीने मागितलेल्या वस्तूंत सहा लसूण होते. आमच्या घरी तांबड्या रश्श्याच्या वाटणालाच त्याहून जास्त लागतो! मात्र पाच रिकामी ग्रँड सोल जेम (आत्मे साठवायची रत्ने) जमवताना माझा आठवडा गेला.

पंचगंगाकाठ:
रक्त न पिता राहिले की दर २४ तासांनी पिशाच्चपणाचा एक टप्पा वाढतो, आणि स्कायरिमच्या सुरुवातीच्या आवृत्तीत चौथ्या टप्प्याला गावकरी दिसताक्षणी अंगावर येत. २०१९ च्या महापुरात वीज गेली तेव्हा मी नेमका याच अवस्थेत अडकलो होतो. पाणी ओसरल्यावर दिवसभर घरातला चिखल काढला, आणि रात्री भरलेले ब्लॅक सोल जेम घेऊन उताऱ्यासाठी गेममधल्या मोर्थल गावच्या फॅलिअन या जादूगाराला गाठले, तर तो पहाटे पुन्हा दलदलीतच घेऊन गेला.

रात्रपाळी:
पिशाच्च मारल्यावर मिळणारी राख विकू नका. ती ससाण्याच्या पिसांबरोबर मिसळली की रोगनाशक औषध तयार होते. ज्याने रोग दिला, त्याच्याच राखेत उतारा आहे. अर्थात, हे पहिल्या ७२ तासांतच.

धागाकर्ता:
दादा, ही युक्ती भाच्याला लगेच फोनवर सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, मी तीन दिवस भरायचीच वाट बघतोय."