होळीला दरवर्षी आंबा तोडायचा का?

रायवळ
कोकणात शिमगा फाकपंचमीला लागतो. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून रोज संध्याकाळी पोरं लहान होळी पेटवतात. मग कुठे त्रयोदशीला (तेरसे शिमगे), कुठे पौर्णिमेला (भद्रेचे शिमगे) मोठी होळी उभी राहते. माझा आक्षेप त्या मोठ्या होळीच्या झाडाला आहे. होळी बंद करा असं मी म्हणत नाही. आंबा तोडणं बंद करा, एवढंच.

हापूसच्या कलमाला कुणी हात लावत नाही. ते बुटकं, पसरट, वर पैसा देणारं. चाळीस फुटी सरळ खोड मिळतं ते रायवळालाच, म्हणून बांधावरचा रायवळ जातो, आणि तोही कैरी धरलेला असताना. रायवळ कोयीपासून उगवतो, त्यामुळे प्रत्येक झाडाची चव निराळी. एक लोणच्याचं, एक चोखून खायचं, एक साठांचं (आंबापोळीचं). त्याचं कलम बांधून ठेवलेलं नसेल तर ती चव गावातून कायमची गेली. हापूसची कलमं बांधायला खुंट लागतात, त्यांच्या कोयीही याच झाडांच्या. शिवाय १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. मालकीच्या जागेतला आंबा असला तरी परवानगी लागते, हे मानकऱ्यांपैकी किती जण बघतात?

गावमांड
आंब्याबद्दलची तळमळ पटते, पण मागणी अर्धवट आहे. होळीचं झाड म्हणजे जळण नव्हे. ते आधी ठरवलं जातं, बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं (देवाला साकडं) घातलं जातं, ‘व्हय म्हाराजा’ झाल्यावरच पहिला घाव मानकऱ्याचा. फांद्या उतरवतात, शेंडा मात्र राखतात. शेंडा मोडला तर ते अशुभ धरतात. मग ढोल, फाका (शिमग्याच्या आरोळ्या), आणि खांद्यावरून मांडावर, म्हणजे होळी उभी करायच्या जागी. बऱ्याच गावांत हे झाड जाळतही नाहीत. बाजूला गवत-लाकडांचा होम लागतो आणि होळी शिमगा संपेपर्यंत उभीच राहते. ज्या गावची वहिवाट आंब्याची, तिथे तो देवाला दिलेला आंबा आहे. आज झाड बदललं की उद्या म्हणाल लोखंडी पाइप उभा करा.

खाडीपलीकडे
वहिवाटीचं मूळ कुठे आहे तेही बघू. भविष्योत्तर पुराणातल्या कथेत ढुंढा राक्षसी पोरांना छळते, तेव्हा रघुराजाच्या राज्यात सुकी लाकडं आणि गोवऱ्या रचून अग्नी पेटवायला, तीन प्रदक्षिणा घालायला आणि मनाला येईल ते ओरडायला सांगितलं आहे. आपल्या फाका आणि बोंबा याच्याशी तंतोतंत जुळतात. पण त्यात हिरवं झाड कुठेच नाही. सुकं लाकूड स्पष्ट म्हटलं आहे. शास्त्राचा आधार घ्यायचा तर ओला आंबा तोडणंच शास्त्राबाहेरचं.

गावमांड
शास्त्राचा आधार मी घेतलाच नव्हता. तुम्ही दाखवलंत तेच माझं म्हणणं आहे. झाड पुराणातून आलेलं नाही, म्हणून पुराण त्याला काढूही शकत नाही. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामात १८८० साली जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात होलाकेचे (होळीचे) जुने उल्लेख एकत्र केले आहेत. काठकगृह्यसूत्रात ‘राका होलाके’ आहे आणि जैमिनीच्या सूत्रांवरच्या भाष्यात शबर होलाका हा पूर्वेकडच्या लोकांचा आचार म्हणून उदाहरणाला घेतात. म्हणजे सण आधी लोकांचा होता, कथा मागून येऊन चिकटल्या. हेमचंद्राच्या देशीनाममालेत ‘सुगिम्हअ’ आहे, त्यावरूनच ‘शिमगा’ आल्याचं मानतात. त्या शब्दात ना होलिका ना ढुंढा, नुसता ग्रीष्म. थंडी सरली, भात कधीच घरात आलं, तरवे (भाताच्या रोपांचे वाफे) भाजायचे दिवस आले, या वेळचा हा सण. त्यात झाड आणणं हाच गाभा आहे.

सुरमाड
दोघंही आंब्यावरच अडलात. रत्नागिरीच्या भैरीची (ग्रामदैवताची) होळी सुरमाडाची (ताडाच्या कुळातल्या माडाची) असते, काही ठिकाणी पोफळीची, उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी सावरीची (काटेसावरीची). म्हणजे वहिवाट झाड उभं करण्याची आहे, जात गावागणिक वेगळी.

सुरमाड निवडताना एक गोष्ट बघावी. हे झाड आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतं. पहिला घोस शेंड्याजवळ, पुढचे एकेक खाली, आणि सर्वांत खालचा पिकला की झाड वाळतं. खालचे घोस आलेत पण झावळ्या अजून हिरव्या आहेत, असाच माड घ्यावा. तो तसाही एक-दोन वर्षांचा सोबती असतो. वाळून गेलेला मात्र कधीच घेऊ नये. सुरमाडाचं कठीण लाकूड फक्त बाहेरच्या कडेला, आतला गाभा भुसभुशीत. उभा करताना सगळा ताण मधल्या भागावर येतो आणि पोकळ खोड तिथेच मोडतं, खाली माणसं असताना. दुसरं, पिकल्या फळांचा रस अंगाला लागला की भयंकर खाज सुटते. घोस जागेवरच कोयतीने उतरवून मगच खांदा द्यावा.

रायवळ
हे मला मान्य. मरणाला टेकलेला माड घ्या, माझी तक्रार नाही. सावरीचं मात्र जपून. शिमग्यात ती पानं टाकून फुललेली असते आणि मैना, बुलबुल, कोतवाल सगळे तिच्यावर असतात.

गावमांड
आणि जिथे सुरमाड शिल्लकच नाही? दरवर्षी शेजारच्या गावातून विकत आणायचा का? विकतच्या झाडाला गाऱ्हाणं कसलं घालायचं?

सुरमाड
लावायचा. सावरीचं तर सोपं आहे. चांगल्या मातीत १२-१५ वर्षांत होळीजोगं खोड मिळतं. कातळावर नाही होणार, त्याला मळा किंवा पऱ्याचा (ओढ्याचा) काठ हवा. वैशाखात बोंडं फुटतात, बी ताजं असतानाच पिशवीत पेरायचं आणि रोप पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत. वर्षाला एक झाड तोडणार असाल तर तीन लावा, दोन गुरं आणि वणवा नेतात. देवस्थानाच्या जमिनीत लावलं तर दरवर्षी कुणाच्या बांधावर नजर टाकायची पाळी येणार नाही. सहज म्हणून पाहुण्यांच्या हस्ते लावलेलं रोप मात्र पहिल्याच चैत्रात वाळतं. पाणी घालायचं काम एका वाडीकडे नेमून द्या.

जांभाकातळ
झाड कुठलंही असो, उंचीची चढाओढ आधी थांबवा. सरासरी एक फूट जाडीचं चाळीस फुटी ओलं खोड आठशे किलोच्या आसपास भरतं. खांद्याला पंचवीस किलो धरले तर तीस-बत्तीस माणसं एका वेळी हवीत आणि बदली वेगळी. चाकरमानी पोहोचले नाहीत तर गावात तेवढे खांदे नसतात, मग आहे त्या वीस जणांवर ओझं येतं. तीस फूट पुरे.

खड्डा लांबीच्या आठव्या हिश्श्याहून कमी नको. तिसाला चार फूट, चाळिसाला पाच. एका बाजूला उताराचा चर काढायचा, बुंधा त्यातून सरकवायचा, समोरच्या भिंतीला फळी लावायची म्हणजे माती ढासळत नाही. तीन बाजूंनी दोर, चौथ्या बाजूला बेळक्याचे (टोकाला दुफाटा असलेले) बांबू. नुसत्या मातीने बुजवू नका, जांभ्याचे चिरे पाचरीसारखे ठोकून मग माती. वर विजेच्या तारा असतील तर झाडाच्या उंचीइतकं अंतर सोडा आणि तेवढ्या वेळापुरता पुरवठा बंद करून घ्या.

होम बुंध्याला टेकवून रचतात तेच सगळ्यात वाईट. रात्रभर निखारे राहतात, जमिनीलगत खोड आतपर्यंत जळतं, वरून मात्र धडधाकट दिसतं. मग रंगपंचमीच्या सुमाराला, खाली पोरं खेळत असताना, वारा सुटला की ते पडतं. होम बुंध्यापासून सहा-सात फूट दूर रचा.

गावमांड
होमाचं अंतर आणि तीस फूट, दोन्ही पटलं. उंचीचा हट्ट देवाचा नाही, वाड्यांचा आहे. पण आंब्याची वहिवाट बदलायची तर ती इथे बोलून होणार नाही. देवाला कौल लावावा (त्याची संमती विचारावी) लागेल, तोही शिमग्याच्या गडबडीत नाही, आधी, माघात. आणि कौल मागताना पुढे ठेवायला लावलेली रोपं हवीत.

रायवळ
मग रोपं याच पावसाळ्यात लावा. आणि ती मोठी होईपर्यंत जो रायवळ तोडायचा ठरेल, त्याच्या काड्या आधी काढून दोन-चार कलमं तरी बांधून ठेवा.