रात्री दोनला धाप लागली तर? घरात नेब्युलायझर हवाच, असं माझं मत

जांबोटीची लेक

माझी आई ६८ वर्षांची. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, निघून सहा वर्षं झाली. विडी-सिगारेट तिनं कधी हातात धरली नाही. चाळीस वर्षं चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ केला, पावसाळ्यात तर ओल्या लाकडांचा. उज्ज्वलाची योजना २०१६ ला आली, त्यानंतर आमच्याकडं गॅस आला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि आंघोळीचं पाणी आजही चुलीवरच तापतं.

गेल्या जुलैत रात्री दोनच्या सुमाराला तिला धाप लागली. बाहेर धो धो पाऊस, ओढ्याच्या पुलावरून पाणी, गाडी निघणं शक्य नव्हतं. कॅप्सूलचा पंप, ज्यातली औषधाची भुकटी जोरात ओढावी लागते, तोंडाला लावला, पण तिच्यानं ओढवेना. "ओढ गं आई, ओढ," म्हणत मी रडत होते आणि ती नुसती मान हलवत होती. सकाळी सहाला पाणी उतरल्यावर खानापूर गाठलं. तिथं नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून मास्कमधून देणारं मशीन, लावलं आणि वीस मिनिटांत ती बोलायला लागली. मशीन घ्यायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

आता घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, मशीनची सवय लागते, एकदा लावलं की सुटत नाही. डॉक्टर म्हणतात, पंप स्पेसर लावून, म्हणजे बाटलीसारखा पोकळ डबा जोडून, नीट घेतला तर मशीनची गरज नाही. मला दोन्ही पटत नाही. बेळगावात ज्यांच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर आहे त्यांना हे म्हणणं सोपं आहे. खानापूरच्या पश्चिमेला, घाटाकडच्या गावांत, ज्याला पुन्हापुन्हा धाप लागते त्याच्या घरी मशीन असलंच पाहिजे. ज्यांनी स्वतः वापरलंय किंवा घरच्यांना दिलंय त्यांनी लिहा.

निपाणीकर काका

ताई, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा, ७१ चा. म्हणून स्पष्ट लिहितो. मशीन घेऊ नका.

तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं. वखार आतून बघितलेल्याला वेगळं सांगायला नको. चाळणी सुरू झाली की समोरचा माणूस दिसत नाही, नाकाला बांधलेलं फडकं संध्याकाळपर्यंत तपकिरी होतं. बायकांचं तर अख्खं आयुष्य त्या धुळीत गेलं. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी निपाणीत एवढं मोठं आंदोलन झालं, मी ते डोळ्यांनी बघितलं, पण धुळीचा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही.

मशीन माझ्याकडं चार वर्षं होतं. आधी अडीनडीला लावायचो. मग सकाळ-संध्याकाळ. मग जिना चढून आलो की. लावलं की मोकळं वाटायचं, म्हणून दवाखाना लांबत गेला. रोजचा पंप, जो खरं तर दुखणं आवरून धरतो, तो मी कधी सोडला ते मलाच आठवत नाही.

दोन वर्षांमागं तीन दिवस धाप होती, बेडका पिवळा पडायचा, आणि मी घरात बसून दर दोन तासांनी मशीन लावत होतो. हात थरथरत होते, छाती धडधडत होती. ते औषध जास्त झाल्यानं होतंय हे कळलं नाही, आजार वाढला म्हणून मी मशीनच्या औषधाची अजून एक नळी फोडायचो. चौथ्या दिवशी सकाळी मुलगा उठवायला आला तर मी बरळत होतो. अंगात कार्बन डायऑक्साइड साचला होता. अकरा दिवस आयसीयूत काढले. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काका, तीन दिवस कशाची वाट बघितली?" उत्तर माझ्याकडं नव्हतं. घरात मशीन आहे, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हे जे वाटतं ना, त्याची मला भीती वाटते.

येळ्ळूरचा धाकटा

काका, तुम्ही सोसलंत ते वाचून वाईट वाटलं. पण तो दोष मशीनचा नव्हे. दिवसातून किती वेळा लावायचं आणि कुठल्या क्षणी मशीन बाजूला ठेवून गाडीत बसायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ते न सांगणाऱ्याचा दोष तुम्ही मशीनवर ढकलताय.

माझ्या बाबांना अर्धांगवायू झालाय. उजवा हात उचलत नाही, ओठ एका बाजूनं मिटत नाहीत. पंप दाबायचा आणि त्याच वेळी श्वास ओढायचा हे त्यांना जमणं शक्यच नाही. कॅप्सूलच्या पंपाला जोरात ओढावं लागतं, ती ताकद छातीत उरलेली नाही. स्पेसर तोंडात धरायला दिला तर औषध ओठाच्या फटीतून बाहेर. मशीनला मास्क आहे. दहा-पंधरा मिनिटं जसा जमेल तसा श्वास घ्यायचा, बस्स. झाल्यावर "आता बरं वाटूलालंय" एवढं बोलतात, आणि दिवसभरात त्यांच्या तोंडून तेवढंच वाक्य नीट येतं.

आणखी एक. घरच्यांबद्दल कुणीच बोलत नाही. मशीन येण्याआधी माझी आई वर्षभर रात्री बसून असायची, बाबांच्या छातीचा आवाज ऐकत. आता ती झोपते. अशा माणसाच्या घरातून मशीन काढा म्हणणं मला अन्याय वाटतो.

दवाखान्यातली ताई, चिकोडी

मी १८ वर्षं नर्स आहे. माझा कल काकांकडे आहे, कारण वेगळं.

पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एका दाबात, साल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. मशीनच्या नेहमीच्या डोसात अडीच मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीस पट. त्यातलं बरंचसं हवेत आणि मशीनच्या औषधाच्या कपात वाया जातं, तरीही धडधड आणि थरथर मशीननं जास्त होऊ शकते. अटॅकमध्ये पंप-स्पेसर आणि मशीन यांची तुलना झालेली आहे, श्वास मोकळा होण्यात म्हणावा असा फरक दिसलेला नाही. अगदी थकलेल्या पेशंटला मशीन सोपं जातं, हे मात्र खरं.

मग पंपावर लोकांचा विश्वास का नाही? कारण शिकवलेलंच नसतं. एक आजी कॅप्सूल पंपात न घालता पाण्याबरोबर गिळत होत्या, कित्येक महिने. पाकिटातलं पत्रक इंग्रजीत, भिंतीवरचा तक्ता कन्नडात, आजींना वाचता येत असेल तर मराठी. आपल्याकडं शिकवणारी घाईघाईत "उसिरु हिडीरी" म्हणते, आजी मान डोलावतात, आणि श्वास धरून ठेवायचा होता हे घरी गेल्यावरही त्यांना कळलेलं नसतं. तेच लोक मशीन घरी नेतात तेव्हा काय होतं तेही मी बघते. त्याला सगळे 'वाफ' म्हणतात, म्हणून कुणी नळाचं पाणी घालतं, कुणी निलगिरीचं तेल. ती वाफ नव्हे, औषधाचं धुकं आहे. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. कप आणि मास्क दर वेळी धुऊन हवेवर वाळवायचा असतो, नाहीतर त्या ओलाव्यातले जंतू थेट छातीत जातात. आतून काळा पडलेला फिल्टर मी कितीतरी घरांत बघितलाय.

येळ्ळूरच्या भाऊंना: मास्क बसणारा स्पेसरही मिळतो, एका पफला चार-पाच साधे श्वास पुरतात. आणि मशीनच्या औषधात इप्राट्रोपियम हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध असेल तर मास्क घट्ट बसू दे. डोळ्यांत फवारा गेला तर काचबिंदूवाल्याला त्रास होतो.

जांबोटीच्या ताईंना मात्र एकच विचारते. त्या रात्री तुमच्या घरी वीज होती का?

जांबोटीची लेक

नव्हती. संध्याकाळी आठलाच गेली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मशीन असतं तरी बंद पडून राहिलं असतं, हे मी स्वतःशीही मान्य केलं नव्हतं.

पण म्हणून माझं मत पूर्ण बदलत नाही. इन्व्हर्टर बसवता येतो, बॅटरीवर चालणारी छोटी मशीनंही मिळतात, महाग असली तरी. काका, तुम्ही तीन दिवस थांबलात. आमच्याकडं थांबण्याशिवाय पर्यायच नसतो, चार तास तरी. तुम्हाला निपाणीत दवाखाना जवळ आहे. ते चार तास आईनं कशावर काढायचे?

निपाणीकर काका

स्पेसरवर काढायचे, ताई. त्याला वीज लागत नाही. मशीन घेणारच असाल तर माझा हट्ट एवढाच की कपाटावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून लावा: डॉक्टरनी सांगितल्यापेक्षा एकही नळी जास्त नाही. एक वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळे पडले किंवा माणूस गुंगायला लागला, तर मशीन लावत बसायचं नाही, लगेच १०८. माझ्या मुलाला यातलं शेवटचं लक्षण ठाऊक नव्हतं. मी शांत झोपलोय असं त्याला वाटलं होतं.

येळ्ळूरचा धाकटा

मास्कच्या स्पेसरचं माहीत नव्हतं. उद्या विचारतो. मशीन मात्र काढणार नाही.

जांबोटीची लेक

आज खानापूरहून स्पेसर आणला. पंप बदलून घ्यावा लागला, कॅप्सूलवाला त्याला चालत नाही. आई आधी हसली, "हे बाटलीगत काय ते," म्हणाली. चौथ्या वेळेला नीट जमलं. मशीनचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, मिरग निघायच्या आत घेणार आहे, बॅटरीचं. आणि उद्यापासून आंघोळीचं पाणी गॅसवर. यावरून भावाशी अजून भांडण व्हायचंय.