लॅबचं पिल्लू, पेपरचं काय? (सोसायटी ग्रुप, औसा रोड, लातूर)

जाधव बी-२०४: नमस्कार मंडळी, पोरगं ऐकंना म्हणून लॅब्राडॉरचं पिल्लू घ्यायलो. विकणारा म्हणायलाय विथ पेपर चौदा हजार, विदाऊट पेपर आठ. आईबाप तेच, पिल्लं तीच. मग सहा हजार निस्ते कागदाचे द्यावेत का?

शिंदे काकू ए-१०३: कागद काय चाटायचाय का जाधव. आमच्या गावाकडच्या कारवान्याला, म्हणजे कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याला, कुठं कागद होता, पण रानडुक्कर शेताकडं फिरकत नव्हतं

कदम सी-५०२: जाधव साहेब, त्याच्या बोलण्यातच घोळ आहे बघा. माझा साडू शोला कुत्री नेतो, त्याचे फॉर्म मीच भरून देतो म्हणून सांगतो. पेपर म्हणजे केसीआयचं वंशावळीचं सर्टिफिकेट, अन् केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, ऑफिस चेन्नईला. तिथं ब्रीडरनं लिटर, म्हणजे एका वेळी झालेली सगळी पिल्लं, नोंदवायचं असतं, ब्रीडर म्हणजे कुत्रीचा मालक, नराच्या मालकाची पण सही लागते आणि मुख्य म्हणजे आई बाप दोघंबी आधीच नोंदलेले पाहिजेत, एकाचा जरी पेपर नसला तर विषय संपला. आणि आईबापाचे पेपर असतील तर एकाच लिटरमधली काही पिल्लं पेपरवाली अन् काही बिनपेपरची कामून? उरलेला कागद मग दुसऱ्याच पिल्लाला चिकटवतात, हे लई चालतं.

जाधव बी-२०४: मग वळखायचं कसं? तो म्हणतो पेपर दोन महिन्यांनी पोस्टानं येतील

कदम सी-५०२: उशीर लागतो, ते खोटं नाही. पण आईबापाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स अन् लिटरच्या अर्जाची पावती आजच मागा की, ती तर त्याच्याकडं असायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे चिप. मानंच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी असते, पंधरा आकडी नंबर, तोच नंबर सर्टिफिकेटवर. रीडर फिरवला की नंबर दिसतो, जुळला तर कागद त्याच पिल्लाचा. आणि पेपर आला म्हणून फाईलला लावून बसू नका, त्याच्यावर मालक म्हणून ब्रीडरचंच नाव असतंय, ट्रान्सफर फॉर्मवर त्याची सही पैसे देतानाच घ्या, नंतर फोन उचलत नाहीत. नावावर नसलं तर पुढं तुमच्या कुत्रीची पिल्लं नोंदवताना अडकताल.

जाधव बी-२०४: आम्हाला कुठं पिल्लं काढायचीत, घरात खेळायला पाहिजे निस्तं

कदम सी-५०२: मग पेपरसाठी जीव काढू नका, पण बिनपेपरच्याला प्युअर म्हणून भाव पण देऊ नका

डॉ. सय्यद डी-४०१: कदम दादा बरोबर बोलले, थोडं माझं ऐका. केसीआयचा पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीची ग्यारंटी नाही. लॅबला खुब्याच्या सांध्याचा त्रास असतो, पेपर असून पण लंगडणारे लॅब मी रोज बघते. आईबापाच्या खुब्याचे एक्सरे काढलेत का ते विचारा, त्यावर विकणारा काय बोलतो तेवढ्यावर माणूस कळतो. आई समोर बघा, फोटोत नको. पिल्लू किती दिवसांचं आहे?

जाधव बी-२०४: ३५ दिवसांचं म्हणालाय मॅडम, ४५ झाले की देणार

डॉ. सय्यद डी-४०१: ४५ दिवस ही बाजाराची पद्धत. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचंच नाही, म्हणजे ५६ दिवस. लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू पार्व्हो या जीवघेण्या आजारानं गेलं की लोक माझ्यापुढं रडतात. त्याच नियमात ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, ती केसीआयपेक्षा वेगळी. केसीआय हा क्लब आहे, सरकारी खातं नाही. त्या नोंदणीचा नंबर विचारा, बहुतेक जण इथंच गडबडतात.

शिंदे काकू ए-१०३: मग आमच्या कारवान्याला पण नोंद होते का ग?

कदम सी-५०२: कारवानी केसीआयत आहे काकू, पण आईबापाला पेपर नसला तर पिल्लाचं लिटर नोंदवता येत नाही. आपल्या जानवळकडच्या पश्मी, म्हणजे केसाळ शिकारी कुत्रीवाल्यांचं पण हेच दुखणं, पिढ्यान् पिढ्या अस्सल कुत्री पाळली पण कागद केला कुणी? मुधोळ कुत्र्याची २०२० ला कर्नालच्या जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या सरकारी संस्थेत नोंद झाली, ती पण जातीची, एकेका कुत्र्याची नाही, लोक दोन्ही एकच समजायलेत.

डॉ. सय्यद डी-४०१: आणि जाधव भाऊ, महापालिकेचा परवाना वेगळाच, त्याला रेबीजच्या लसीचं कार्ड लागतं, पेपरवालं असो की गावरान

देशमुख (सेक्रेटरी): त्याची एक झेरॉक्स ऑफिसला द्या. अन् लिफ्टमध्ये पट्टा लावून न्या, एवढंच